गेमिंग पीसी की कन्सोल? सहाव्या वर्षी महागात पडणाऱ्या या चुका टाळा

नवे यंत्र पहिल्या महिन्यात चांगलेच चालते, मग तो सुटे भाग आणून जुळवलेला गेमिंग पीसी असो किंवा खोक्यातून काढून टीव्हीला जोडलेला कन्सोल असो. म्हणूनच या दोहोंची तुलना खरेदीच्या दिवसापुरती करणे ही पहिली चूक आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. यंत्र पाच-सात वर्षे वापरायचे असेल, तर आधी विचारायचे प्रश्न वेगळे असतात. बिघाड झाल्यास कोणता भाग बदलता येईल, विकत घेतलेले गेम तेव्हा कुठे असतील आणि मधल्या वर्षांत आणखी किती खर्च होत राहील, याची उत्तरे मिळाली की निवड बरीचशी आपोआप होते.

आकड्यांची चुकीची तुलना

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये आले. दोन्हींत एएमडीचा आठ कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी आहे. हा आकडा वाचून अनेक जण पीसीतही १६ जीबी रॅम टाकतात आणि बरोबरी झाली असे समजतात. कन्सोलमधील ती मेमरी मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांसाठी सामाईक असते, तर पीसीत रॅम वेगळी आणि ग्राफिक्स कार्डावरची मेमरी वेगळी असते. या कन्सोलसाठी बनवलेले गेम जेव्हा ८ जीबी मेमरीच्या कार्डावर चालवले जातात, तेव्हा कार्ड वेगवान असूनही अडचण येते. सरासरी फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे, चांगले दिसतात, पण मध्येच झटका बसतो, किंवा समोरची भिंत क्षणभर पुसट दिसून मग स्पष्ट होते. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करण्याची घाई न करता आधी टेक्स्चरचा, म्हणजे भिंती-वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांचा, दर्जा एक पायरी खाली आणावा, कारण मेमरी तिथेच सर्वांत जास्त खर्च होत असते. नवे कार्ड घेताना मात्र दीर्घकाळाचा विचार असेल, तर थोड्या जास्त वेगापेक्षा जास्त मेमरीला माझी पसंती राहील.

उलट बाजूची चूकही तितकीच प्रचलित आहे: कन्सोल दोन-तीन वर्षांत कालबाह्य होतो, हा समज. कन्सोलचे हार्डवेअर ठरलेले असल्यामुळे गेम तयार करणारे त्याच्याच मर्यादेत आपले काम बसवत राहतात. प्लेस्टेशन ४ हा २०१३ चा कन्सोल, पण 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावरही आला. नऊ वर्षे जुन्या पीसीला असे संरक्षण नसते. तिथे प्रत्येक नव्या गेमची किमान गरज तपासावी लागते. कन्सोलच्या बाबतीत किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. उत्तरार्धात येणारे गेम अनेकदा सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेमवर चालतात आणि त्यावर वापरणाऱ्याकडे काही उपाय नसतो.

'पुढे बदलता येईल' या भरवशावर घेतलेला पीसी

पीसीच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत मोठा युक्तिवाद म्हणजे त्याचे भाग बदलता येतात. हे खरे आहे, पण आपोआप खरे होत नाही. प्रोसेसर बदलता येईल की नाही हे मदरबोर्डच्या (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या) सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेवर, ठरते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर बसले आणि त्याच सॉकेटसाठी एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला. ज्यांच्या बोर्डाला बायोसचे, म्हणजे पीसी सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट मिळाले, त्यांना केवळ प्रोसेसर बदलून पीसीचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढवता आले. याउलट इंटेलचा २०२० मध्ये आलेला सॉकेट पुढच्याच वर्षी बदलला आणि नव्या प्रोसेसरसाठी नवा बोर्ड घेणे भाग पडले. म्हणून सॉकेट किती जुना आहे आणि त्यावर आणखी एखादी पिढी येणार असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे का, हे खरेदीआधीच पाहावे.

तयार पीसी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उघडून पाहावी. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार पीसींमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय प्रमाणित आकाराचे नसतात. ते बिघडले तर बाजारातला साधा भाग बसत नाही, आणि पीसी घेण्याचा मुख्य फायदाच निघून जातो. गेमिंग लॅपटॉपमध्येही प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डालाच जोडलेल्या असतात, त्यामुळे दीर्घकाळाच्या हिशेबात तो कन्सोलच्या जवळचा समजावा.

काटकसर करू नये असा एकच भाग सांगायचा झाला, तर मी पॉवर सप्लायचे नाव घेईन. त्यावरचे '८० प्लस' हे चिन्ह वीज किती कार्यक्षमतेने वापरली जाते एवढेच सांगते. आतील भागांच्या टिकाऊपणाची हमी ते देत नाही. चांगला पॉवर सप्लाय दोन ग्राफिक्स कार्डांचे आयुष्य सहज पाहतो. तो बदलण्याची वेळ आलीच, तर जुन्या सप्लायच्या सुट्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. त्या नेमक्या बसतात, पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते, आणि चुकीची वीज गेल्याने एसएसडी किंवा हार्ड डिस्क कायमची जळू शकते.

गेम जड झाला की पीसी कोणताही संदेश न देता झटकन बंद पडत असेल, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी वेग हळूहळू घसरत असेल, तर बहुधा उष्णतेचा प्रश्न असतो. हे दोन्ही बिघाड वेगवेगळे आहेत, आणि दोन्हींसाठी ग्राफिक्स कार्डालाच दोष देऊन ते बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

यंत्र चांगले, जोडणी चुकीची

माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून नवे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, काही फरकच पडला नाही. कार्ड परत करू का?" मी गेलो तेव्हा कॅबिनेट भिंतीला टेकलेले होते. ते पुढे ओढून मागे पाहिले, तर मॉनिटरची केबल वरच्या बाजूला, यूएसबीच्या ओळीशेजारी, म्हणजे मदरबोर्डमध्ये लावलेली होती. नव्या कार्डाचे पोर्ट त्याखाली आडव्या पट्टीत असतात. त्यांवरची प्लास्टिकची टोपणे अजून तशीच होती. त्याच्या प्रोसेसरमध्ये स्वतःची ग्राफिक्स चिप असल्यामुळे पडद्यावर चित्र येत होते आणि म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती.

केबल बदलल्यावर फरक पडला, पण तेवढ्यावर थांबलो नाही. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत होत्या. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते, म्हणजे मेमरीचे दोन्ही चॅनेल (वाटा) एकत्र काम करतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते चित्रासह दिलेले असते. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची सोय, बंद होते, त्यामुळे ३२०० वेगाची म्हणून घेतलेली रॅम २१३३ वर चालत होती. एएमडीच्या नव्या बोर्डांवर याच सोयीला एक्स्पो म्हणतात. शेवटी मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, असूनही विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच निवडलेले होते. चारही चुका दुरुस्त करायला पाऊण तास लागला आणि पैसा एकही लागला नाही. पीसी मंद आहे म्हणून कन्सोलकडे वळण्याचा विचार करणाऱ्याने आधी हा पाऊण तास द्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

कन्सोलवरही असेच घडते, फक्त जागा कमी असतात. टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. ४के चित्र १२० हर्ट्झवर हवे असेल तर एचडीएमआय २.१ ची ती क्षमता असलेला पोर्ट आणि कन्सोलसोबत आलेली केबल वापरावी, आणि टीव्हीचा गेम मोड चालू करावा. बटण दाबल्यानंतर पात्र उशिरा हलते ही तक्रार अनेकदा तेवढ्यानेच मिटते.

किमतीच्या चिठ्ठीवर न दिसणारा खर्च

कन्सोल स्वस्त वाटतो, कारण एका किमतीत सगळे मिळते. परंतु विकत घेतलेले बहुतेक गेम इतरांसोबत ऑनलाइन खेळण्यासाठी सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिन्ही कंपन्यांच्या कन्सोलवर वर्गणी भरावी लागते; सहा वर्षांची वर्गणी एकत्र मांडून पाहिली तर तुलना बरीच बदलते. पीसीवर साधारणपणे अशी वर्गणी नसते, पण मॉनिटर, कीबोर्ड, विंडोजचा परवाना आणि जास्त विजेचा खर्च धरावा लागतो. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण २०० वॅट वीज घेतो, तर तगडे कार्ड असलेला पीसी त्याच्या दुप्पट सहज घेतो.

साठवणुकीची जागा हा दुसरा विसरला जाणारा खर्च आहे. पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबीच वापरता येते, आणि एक्सबॉक्स सिरीज एसच्या ५१२ जीबीपैकी सुमारे ३६४ जीबी. एकेक गेम १०० जीबीच्या घरात गेल्यावर ही जागा तीन ते सहा गेममध्ये संपते. प्लेस्टेशन ५ मध्ये हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) असलेली बाजारातली एम.२ प्रकारची एसएसडी बसते. एक्सबॉक्सला मात्र खास त्याच्यासाठी बनवलेले कार्डच लागते. डिस्क ड्राइव्ह नसलेले मॉडेल थोडे स्वस्त पडते, पण ड्राइव्ह वेगळा जोडता येत नसेल, तर त्यावर मित्राची डिस्क आणून खेळता येत नाही, जुनी डिस्क घेता येत नाही आणि खेळून झालेली विकताही येत नाही.

'थांबलो तर किंमत उतरेल' हा हिशेबही या पिढीत चुकला. सोनीने ऑगस्ट २०२२ मध्ये अनेक देशांत प्लेस्टेशन ५ ची किंमत वाढवली आणि २०२५ मध्ये पुन्हा वाढ केली.

गेम कुठे राहणार, हे न विचारणे

यंत्र बदलले तरी खाते आणि त्यातील गेम राहावेत, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली, तर एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात, पण प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालत नाही, कारण त्याचा सेल प्रोसेसर पूर्णपणे निराळ्या धाटणीचा होता. एक्सबॉक्सवर जुन्या पिढ्यांचे निवडक गेम अजूनही चालतात. पीसीवर पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला गेम बहुधा आजही चालतो, आणि गॉगसारख्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल आपल्याजवळ ठेवता येते. ज्याला जुन्या गेमकडे पुन्हा पुन्हा परतावेसे वाटते, त्याने पीसीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाला चार-पाच गेम खेळून पुढे जाणाऱ्याला कन्सोल अधिक सुखाचा जाईल.

पीसीलाही मुदत असते, ती विंडोजची. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. 'तुमचा पीसी पात्र नाही' असा संदेश आला म्हणून लगेच नवा पीसी घेऊ नये. प्रोसेसर पुरेसा नवा असेल, तर ही सोय बायोसमध्ये केवळ बंद असू शकते. इंटेलच्या बोर्डांवर ती पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने सापडते. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, नाहीतर आपल्याच फाइलींसमोर कुलूप लागते.

धूळ, अचानक वीज बंद आणि हरवलेली प्रगती

कन्सोल काचेच्या दाराच्या कपाटात कोंबू नये. प्लेस्टेशन ५ च्या बाजूच्या पट्ट्या काढल्या की धूळ साठण्यासाठी ठेवलेली भोके दिसतात. यंत्र बंद करून ती व्हॅक्यूमने साफ करावीत. त्यापुढे स्वतः उघडत जाऊ नये, कारण आत प्रोसेसरवर वीजवाहक द्रवधातू असतो. पीसीत हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, आणि काही वर्षांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलावी.

खेळ चालू असताना वीज गेल्यावर प्लेस्टेशन अडखळू लागला, तर तो पूर्ण बंद करावा, पॉवरचे बटण दुसरा 'बीप' ऐकू येईपर्यंत दाबून धरावे, कंट्रोलर केबलने जोडावा आणि सेफ मोडमधून डेटाबेस पुन्हा बांधण्याचा पर्याय निवडावा. यात गेम किंवा सेव्ह पुसले जात नाहीत. त्याच यादीतील रीसेटचा पर्याय मात्र सगळे पुसतो, म्हणून प्रत्येक ओळ वाचूनच निवड करावी.

सेव्हच्या, म्हणजे गेममधील साठवलेल्या प्रगतीच्या, बाबतीत लोक सर्वांत जास्त बेफिकीर असतात. प्लेस्टेशन ४ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवता येतात. प्लेस्टेशन ५ च्या गेमचे सेव्ह तसे उतरवता येत नाहीत, आणि क्लाउडवर ठेवायचे तर वर्गणी चालू लागते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर क्लाउड विनामूल्य आहे, पण प्रत्येक गेम ते वापरत नाही. पीसी फॉरमॅट करण्याआधी डॉक्युमेंट्स, सेव्हड गेम्स आणि ॲपडेटा ही तिन्ही फोल्डरे बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवावीत, आणि उतरवलेल्या प्रतीतील एखादी फाइल खरोखर उघडते का, हे पाहूनच मूळ डिस्क पुसायला घ्यावी.