राइडिंग मोवरचा थ्रॉटल ऐकत नसेल तर

बसून चालवायच्या या गवत कापणीयंत्राचं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग बदलायचं लिव्हर, कासवाच्या चित्रावरून (हळू) सशाच्या चित्रावर (जोरात) नेलं तरी इंजिनाचा आवाज तोच? मग लगेच कार्बुरेटर खोलत बसू नका, आधी लिव्हरपासून इंजिनाकडे जाणारी केबल बघा. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, हूड उघडं, आणि कुणाला तरी लिव्हर हलवायला सांगा, केबलचं बाहेरचं कव्हरच सरकत असेल तर क्लॅम्प ढिला झालाय, लिव्हर फुल सशावर ठेवून केबल ताणून घ्या न स्क्रू आवळा, बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. आतली तार गंजली असेल तर सरळ नवी टाका, तेल सोडून फार दिवस निभत नाही. केबल ठीक पण इंजिन सारखं वर-खाली होतंय? हिवाळाभर टाकीत राहिलेलं इथेनॉलवालं पेट्रोल, त्यानं कार्बुरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, चोंदलाय बहुतेक. वेग वाढवायला गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची, स्प्रिंग मात्र वाकवू नका, बऱ्याच मोवरची मर्यादा ३६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असते.