जुन्या जीपची घरघर: शाफ्टचे कोन मोजायला शिका

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपला उंच पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) किंवा लांब शेकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) घातले, की पुष्कळदा पन्नास-साठच्या वेगाला सीटखाली घरघर सुरू होते. गॅरेजमध्ये नवीन असणारा मुलगा शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरणं पोचवणाऱ्या नळीचे) क्रॉस, म्हणजे दोन्ही टोकांच्या वाकत्या सांध्यांतले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे, बदलतो, चाकं बॅलन्स करून आणतो, तरी गाडी तशीच. कारण बिघाड सुट्या भागात नसून ते बसलेत त्या कोनात असतो. कोन डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो.

आधी थरथर कुणाची ते ठरवा. ज्या वेगाला येते त्याच वेगाला गिअर न्यूट्रल करा. तशीच राहिली, तर चाकं किंवा शाफ्ट. कमी झाली, तर गाडी उभी करून इंजिन तेवढंच रेस करा. उभ्या गाडीत आली तर इंजिन, क्लच, माउंटिंग बघा. नाही आली, तर ओढ पडल्यावर शाफ्टचे कोन बिघडताहेत असं समजा.

चाक आणि शाफ्ट यांतला फरक अंगालाच कळतो. ६.००-१६ टायरची जीप ताशी ६० किमीला असताना चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ५.३८ असेल तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ४० फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला २४००. चाकाचा दोष सीट किंवा स्टिअरिंग हलवतो. शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्यात मुंग्या आणतो. नुसता बॅलन्स गेला असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्याने फारसा फरक पडत नाही. कोन चुकला असेल तर लगेच पडतो.

आता क्रॉस. शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँज (जोडाची चकती) आणि स्लिप जॉइंट (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता सांधा) दोन्हीकडे पंचने खूण करा. ही खूण करायची राहून गेली आणि स्लिप जॉइंट एक खाच चुकवून बसला, तर शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत. मग बाकी काहीही करा, थरथर जाणार नाही. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपलेलं आहे. कप काढून क्रॉसच्या दांड्यावरून नख फिरवा: कपातल्या सुयांनी (बारीक बेअरिंग रुळांनी) दांड्याच्या लांबीने पाडलेल्या बारीक रेघांत नख अडकलं, की तो क्रॉस गेला. नव्या क्रॉसला चारही कपांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. शाफ्टवरचा वाळलेला चिखल खरवडा, बॅलन्सची पट्टी गळून पडल्याचा डाग शोधा. या जीपला हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टबरोबरच फिरतो. तो वाकडा असेल किंवा त्यात चिखल साचला असेल, तर अगदी शाफ्टसारखीच घरघर येते. हा ड्रम बघायचं बरेच जण विसरतात.

हे सगळं ठीक निघालं तर अँगल गेज घ्या. गाडी चारही चाकांवर, नेहमीच्या वजनासकट उभी हवी. बॉडी जॅकवर टांगून घेतलेलं माप फुकट. तीन उतार मोजा: ड्रमच्या सपाट तोंडावरून गिअरबॉक्सचा, नळीवरून शाफ्टचा, आणि योकवरून (शाफ्ट जोडायच्या काट्यावरून) पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा.

समजा गिअरबॉक्स मागे ४ अंश उतरता, शाफ्ट ९ अंश, पिनियन ६ अंश. पुढच्या क्रॉसचा कोन ९ वजा ४, म्हणजे ५. मागचा ९ वजा ६, म्हणजे ३. कोनात चालणारा क्रॉस शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करायला लावतो आणि दोनदा रेंगाळायला. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच ते फिटतं. इथे २ अंशांचा फरक उरलाय, आणि १ अंशाहून जास्त फरक चालवून घेऊ नये. मागचं शेकल लांब केलं की पिनियनचं नाक (पुढचं टोक) वर उठतं, म्हणून हे होतं. नाक शाफ्टच्या रेषेत आलं की दिसायला छान वाटतं, पण दोनच क्रॉसच्या शाफ्टला ते चुकीचं आहे.

पाट्यांच्या गाडीत ओढ पडली की नाक आणखी थोडं वर जातं. म्हणून पिनियन गिअरबॉक्सला समांतर न ठेवता १ अंश खाली ठेवा: ४ ऐवजी ३. म्हणजे इथे नाक ३ अंश खाली आणायचं. मूळ शेकल परत घालता आले तर पहिल्यांदा तेच करा, मग पुन्हा मोजा. उरलेल्या फरकाला पाटे आणि ॲक्सलचं पॅड यांच्यामध्ये लोखंडी पाचर. ॲल्युमिनियमची चेपते. १२५ मिमी लांब पाचरीत ३ अंशांसाठी दोन टोकांच्या जाडीत सुमारे साडेसहा मिमी फरक येतो. पाटे ॲक्सलखाली असतील तर नाक खाली आणायला जाड टोक मागे, पाटे वर असतील तर पुढे. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तेवढा लांब घ्या, नाहीतर त्याचं डोकं पॅडच्या भोकात नीट बसत नाही आणि ॲक्सल सरकतो.

पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच, आडवे-तिडवे थोडे थोडे आवळत न्यायचे. नाक हलल्यावर शाफ्टचा उतारही किंचित बदलतो, म्हणून तिन्ही मापं परत घ्या. साधारण २४०० फेऱ्यांना कुठलाही क्रॉस ७ अंशांपलीकडे नको, आणि पूर्ण सरळही नको: निदान अर्धा-एक अंश असेल तरच सुया फिरतात. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा.