अंगणातल्या टाक्यात वॉटर लिली कशी वाढवावी

विदर्भातल्या मामा तलावांपासून (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांपासून) कोकणातल्या गावतळ्यांपर्यंत कुमुद, म्हणजे आपण ज्याला आता सर्रास वॉटर लिली म्हणतो ते फूल, कोणाच्याही मदतीशिवाय फुलत असते. तरीही विकत आणलेले रोप घरच्या टाक्यात दोन-तीन फुले देऊन थांबले, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा याचे कारण एकच असते. गच्चीवरच्या गुलाबाला किंवा जास्वंदीला जी भुसभुशीत माती आणि जी सततची देखभाल मानवते, तीच या वनस्पतीलाही दिलेली असते. तिला मात्र जड माती, संथ पाणी आणि भरपूर ऊन हवे असते, आणि या तीन गोष्टी सुरुवातीलाच नीट जमवल्या तर पुढचे काम फार थोडे उरते.

रोप निवडताना

रोपवाटिकेत कमळ आणि वॉटर लिली यांची गल्लत नेहमी होते, म्हणून पान पाहून घ्यावे. कमळाचे पान अखंड गोल असते, देठ त्याच्या मध्यभागी जोडलेला असतो, पाने मोठी झाली की पाण्याच्या बरीच वर उभी राहतात आणि त्यांच्यावर पाणी ठरत नाही. वॉटर लिलीच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते आणि पान पाण्यावर पसरून तरंगते. कमळाला बरेच मोठे टाके लागते. लहान जागेत लिलीच घ्यावी.

लिलीचे दोन मोठे गट आहेत. थंड प्रदेशातल्या जातींची फुले बहुधा पाण्याला टेकून उमलतात आणि त्यांचे जाड मूळखोड आडवे वाढत जाते. उष्ण प्रदेशातल्या जातींची फुले देठावर वीतभर वर येतात, पानांच्या कडा बहुधा दातेरी असतात आणि निळा-जांभळा रंग प्रामुख्याने याच गटात मिळतो. महाराष्ट्रात दोन्ही गट वाढतात. किनारपट्टीवर उष्ण प्रदेशातल्या जाती जवळजवळ वर्षभर फुलतात, तर पठारावर आणि विदर्भात थंडीच्या दिवसांत त्या मंदावतात. पहिल्यांदाच लावणाऱ्याने फिकट निळ्या फुलांची ‘डॉबेन’ ही जात घ्यावी असे मी आवर्जून सांगेन. ती लहान टबातही फुलते, ऊन थोडे कमी असले तरी तक्रार करत नाही आणि तिच्या पानावर, देठ जिथे जुळतो तिथेच, नवे रोप तयार होते. ज्यांचा दिवस कामावर जातो त्यांनी रात्री उमलणारी जात लावावी. लाल कुमुद आणि मोठ्या पांढऱ्या फुलांचे देशी कुमुद संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत उघडे राहते, त्यामुळे घरी परतल्यावर ते पाहायला मिळते.

जागा आणि टाके

दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन येईल अशी जागा निवडावी. सावलीत पाने येत राहतात, पण फुले येत नाहीत आणि कोणतेही खत ही उणीव भरून काढत नाही. कारंजे किंवा वरून पडणारी पाण्याची धार रोपाजवळ नसावी, कारण सतत भिजणारी पाने कुजतात.

टाके सिमेंटचे असो, प्लास्टिकचा मोठा टब असो किंवा जमिनीत खड्डा करून त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असो, पाण्याची खोली दीड ते दोन फूट असली म्हणजे पुरते. खड्डा केल्यास कागदाखाली वाळूचा किंवा जुन्या गोणपाटाचा थर द्यावा, म्हणजे खडे टोचत नाहीत. नव्या सिमेंटच्या टाक्यातला चुना पाण्यात उतरतो आणि तो मुळांना व माशांना घातक ठरतो, म्हणून टाके भरून आठवडाभर ठेवावे, ते पाणी सोडून द्यावे आणि असे निदान तीनदा करावे. गच्चीवर टब ठेवणाऱ्यांनी वजनाचा हिशेब आधी करावा. तीन फूट व्यासाच्या टबात दीड फूट पाणी भरले तर पाण्याचेच वजन सुमारे ३०० किलो होते. असा टब भिंतीलगत किंवा तुळईच्या वर ठेवावा आणि शंका असल्यास इमारतीच्या अभियंत्याला विचारावे.

माती आणि लावणी

लिली थेट टाक्याच्या तळाशी न लावता पसरट भांड्यात लावून ते भांडे पाण्यात ठेवावे. बांधकामावरचे प्लास्टिकचे घमेले यासाठी उत्तम असते, कारण ते रुंद आणि उथळ असते, त्याला भोक नसते आणि कानाला धरून पाण्याबाहेर काढता येते.

माती शेतातली काळी किंवा नदीकाठची पोयट्याची घ्यावी. कोकणात लाल मातीत चिकणमाती मिसळावी. विकत मिळणारे कुंडीचे मिश्रण, कोकोपीट आणि गांडूळखत यांपैकी काहीही वापरू नये. हलके असते ते पाण्यावर तरंगते आणि उरते ते कुजून पाणी काळे व दुर्गंधीयुक्त करते. घमेल्याच्या तळाशी पूर्ण कुजलेल्या शेणखताचा दोन बोटे थर आणि मूठभर हाडांचा चुरा टाकून त्यावर माती भरावी, ती पाणी घालून घट्ट चिखलासारखी मळावी आणि वरची दोन इंच जागा मोकळी सोडावी.

आडव्या मूळखोडाचे रोप असेल तर त्याचे जुने टोक घमेल्याच्या कडेला टेकवून ते तिरपे ठेवावे आणि वाढीचा कोंब मध्याकडे वळवावा, कारण पुढे खोड त्याच दिशेने सरकत जाणार असते. उष्ण प्रदेशातल्या जातींचे, म्हणजे कंदाचे रोप मात्र बरोबर मध्यभागी लावावे. दोन्ही प्रकारांत मुळे चिखलात दाबावीत आणि जिथून पाने फुटतात तो कोंब मातीच्या वर उघडा राहू द्यावा. तो गाडला गेला तर हमखास सडतो. त्यानंतर कोंब सोडून सगळीकडे बारीक खडीचा इंचभर थर द्यावा, म्हणजे माती ढवळून पाणी गढूळ होत नाही.

घमेले एकदम तळाशी सोडू नये. आधी ते विटांवर ठेवून कोंबावर तीन-चार इंच पाणी राहील असे पाहावे, आणि पाने पृष्ठभागावर पसरू लागली की एकेक वीट काढत ते खाली न्यावे. नळाचे पाणी भरले असेल तर एक-दोन दिवस तसेच उघडे ठेवावे आणि मगच रोप आणि मासे त्यात सोडावेत. लावणीसाठी फेब्रुवारी ते जून हा काळ चांगला असतो.

डास, शेवाळ आणि खत

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडू शकतात. म्हणून पाणी भरल्याच्या पहिल्याच आठवड्यात टाक्यात दहा-बारा गप्पी मासे सोडणे ही ऐच्छिक बाब मानू नये. अनेक महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या हिवताप विभागांकडे हे मासे विनामूल्य मिळतात. त्यांना वेगळे खाद्य घालण्याची गरज नसते, उलट उरलेल्या खाद्याने पाणी बिघडते.

पहिल्या काही आठवड्यांत पाणी हिरवे होते आणि घाबरून ते बदलले जाते. तसे करू नये. नव्या पाण्याबरोबर नवी खनिजे येतात आणि शेवाळ पुन्हा जोमाने वाढते. पानांनी पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग झाकला की ऊन आत पोहोचत नाही आणि पाणी आपोआप निवळते. तोपर्यंत तंतुमय शेवाळ काठीला गुंडाळून काढत राहावे. सावलीसाठी जलपर्णी आणून सोडण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. तिने आपल्या नद्यांचे काय केले आहे ते पुण्यात मुळा-मुठेच्या काठी उभे राहून कोणालाही पाहता येते.

खत पाण्यात कधीही टाकू नये. १०-२६-२६ या मिश्रखताचा एक लहान चमचा वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळून त्याची पुडी करावी आणि ती कोंबापासून चार बोटे दूर, मातीत खोल खुपसावी. फुलण्याच्या हंगामात महिन्याला एक पुडी पुरते.

फुलू लागल्यावर

एक फूल साधारण तीन-चार दिवस टिकते. पहिल्या दिवशी ते उमलले की जवळून पाहावे: मधल्या वाटीसारख्या भागात पारदर्शक द्रव साचलेला असतो. दुसऱ्या फुलावरून परागकण घेऊन आलेला कीटक त्यात घसरतो आणि त्याच्या अंगावरचे पराग तिथे धुतले जातात. दुसऱ्या दिवशी हा द्रव नाहीसा होतो, पुंकेसर उघडतात आणि फूल स्वतःचे पराग देऊ लागते. शेवटी ते मिटून पाण्याखाली जाते. मिटलेली फुले आणि पिवळी पाने आठवड्यातून एकदा देठाच्या तळाशी कापून काढावीत.

पानांवर काळसर मावा दिसल्यास पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन टाकावा. मासे तो खातात. कीटकनाशक किंवा साबणाचे पाणी मारू नये. उन्हाळ्यात पाण्याची पातळी दोन-तीन दिवसांआड भरून काढावी, आणि पावसाळ्यापूर्वी टाक्याच्या काठाजवळ जाळी लावलेला निचऱ्याचा पाइप बसवावा, म्हणजे पाणी वाहून गेले तरी मासे जात नाहीत. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांत फुले कमी होतात. त्यासाठी खत वाढवू नये.

वर्ष-दीड वर्षाने पाने एकमेकांना ढकलत पाण्याबाहेर उभी राहू लागली आणि फुले लहान झाली, की घमेले भरले असे समजावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप बाहेर काढून निरोगी कोंब असलेला तुकडा धारदार सुरीने वेगळा करावा, काळे पडलेले मऊ भाग कापून टाकावेत आणि नव्या मातीत पुन्हा लावावे. उरलेले तुकडे ओल्या कापडात गुंडाळून कोणाला देता येतात. जे द्यायचे नसतील ते उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये घालावेत. ते तुकडे किंवा जास्त झालेले गप्पी मासे जवळच्या तळ्यात वा नदीत सोडू नयेत.