काळ्या रानातला खडीचा रस्ता: या चुका टाळा

सोलापूर भागातला काळा दगड कडक, खडीही चांगली मिळते. तरी फाटकापासून घरापर्यंतचा किंवा रानातला रस्ता एक-दोन पावसाळ्यांतच बसतो. दोष बहुतेक वेळा खडीखालच्या मातीत असतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ज्या ओल धरणाऱ्या काळ्या मातीवर पिकते, ती रस्त्याखाली आली की त्रास देते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काळ्या मातीवर थेट खडी ओतणे. चाकाच्या दाबाने खडी खाली रुतते, चिखल वर येतो. चाकोरीत खडी दिसेनाशी होऊन चिखल वर आला असेल, तर वरून आणखी खडी टाकू नका, तीही गिळली जाईल. तेवढा भाग उकरा, निदान ९ इंच माती काढा आणि कठीण मुरूम भरा. जागा फारच दलदलीची असेल तर मुरमाखाली जिओटेक्स्टाईल कापड (माती आणि मुरूम एकमेकांत मिसळू न देणारं जाड कापड) अंथरा, खर्च वसूल होतो.

मुरूम एकदम फूटभर टाकून वरून रोलर फिरवला, की वरचा भाग घट्ट दिसतो आणि तळ पोकळ राहतो. सहा इंचांच्या आतले थर द्या, प्रत्येक थरावर पाणी मारा, मग दबाई करा. मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. जेसीबीच्या बकेटने थोपटणे म्हणजे दबाई नव्हे, हे ठेकेदाराला आधीच सांगा.

खडी मागवताना '२० एमएमची स्वच्छ' मागू नका. एकाच मापाचे दगड एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखालून बाजूला सरकतात. क्रशरवर ४० एमएमपासून कचीपर्यंत (कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा) सगळी मापं असलेला माल मागा. आधीच सुटी खडी पडली असेल, तर वर कच पसरून, पाणी मारून रोलर फिरवला की बरीचशी बसते.

हिशेबही चुकतो. १० फूट रुंद, ६० फूट लांब, ६ इंच जाड म्हणजे ३०० घनफूट, ३ ब्रास. पण ही दबाईनंतरची जाडी आहे. सुटा माल दबून कमी होतो, म्हणून ४ ब्रास धरा.

पाण्याची वाट आधी ठरवा. १० फुटी रस्ता मधोमध सुमारे २ इंच उंच हवा आणि दोन्ही कडांना चर हवा. शेजारच्या उसाचं पाटपाणी कडेला मुरत असेल तर कितीही खडी टाका, रस्ता टिकणार नाही. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो, त्यामुळे मातीकाम दिवाळीनंतर, वाफसा आल्यावर काढा.

शेवटचं, कारसाठी केलेल्या रस्त्यावरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या नेऊ नका. त्या जाणारच असतील तर मुरूम आणि खडी दोन्हींचा एकेक थर जास्त द्या, आणि तेही पहिल्या दिवसापासून.