शेजारी देशांशी व्यापाराचा अभ्यास: बडोद्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी बडोद्यातल्याच एका रसायन कंपनीच्या निर्यात विभागात रुजू झाले आणि तेव्हापासून माझे काम दक्षिण व आग्नेय आशियातील देशांशी झालेल्या व्यापार करारांभोवतीच राहिले आहे. दांडिया बाजारात आमच्या शेजारची मुले एम.कॉम. किंवा एम.ए. करता करता विचारतात, "ताई, सार्क तर बंदच पडल्यासारखी आहे, मग त्या विषयात करिअर ते कसले?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही.

१९८५ साली ढाक्यात स्थापन झालेल्या सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची अठरावी शिखर परिषद २०१४ साली काठमांडूत भरली आणि त्यानंतर एकही परिषद झालेली नाही, हे खरे आहे. दक्षिण आशियाई देशांचा आपापसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्केच आहे, हेही खरे. परंतु जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादेत सह्या झालेला आणि २००६ पासून अमलात आलेला साफ्टा हा सार्क देशांतील मुक्त व्यापाराचा करार कस्टमच्या टेबलावर आजही वापरला जातो. २०११ साली भारताने अल्पविकसित सदस्य देशांसाठीची आपली संवेदनशील यादी, म्हणजे शुल्क-सवलत न मिळणाऱ्या वस्तूंची यादी, केवळ २५ वस्तूंवर आणली, त्यामुळे बांगलादेशातील तयार कपडे शुल्काविना भारतात येऊ लागले. मे २०२५ मध्ये भारताने त्याच कपड्यांना जमिनीवरील नाके बंद केली आणि न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे मोकळी ठेवली. त्या आदेशाने शुल्काच्या दराला हात लावला नव्हता, फक्त माल येण्याची वाट बदलली होती. नवागताने हे उदाहरण बारकाईने तपासावे, कारण शेजाऱ्यांशी होणाऱ्या व्यापारात शुल्काइतकेच वजन नाक्याला, गोदामाला आणि प्रयोगशाळेच्या अहवालाला असते, आणि आपल्या अभ्यासक्रमात त्यांतले फारसे काही येत नाही.

करार हाती घेतल्यावर प्रस्तावना आणि उद्दिष्टे यांत वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थेट तीन ठिकाणी जावे: वस्तूचा एच.एस. कोड (मालाच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक; पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंक शीर्षकाचे), सवलतीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आणि 'रूल्स ऑफ ओरिजिन', म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा याचे नियम. त्यातही तिसऱ्यावर सर्वाधिक मेहनत घ्यावी.

नंदेसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारा एखादा रंग घ्या. त्याचे इंटरमीजिएट, म्हणजे मधल्या टप्प्यातले रसायन, बहुधा २९व्या प्रकरणात येते आणि तयार सेंद्रिय रंग ३२०४ या शीर्षकाखाली. समजा, रंगाची एफओबी किंमत (माल जहाजावर चढेपर्यंतची, पुढचे विमा-भाडे वगळून) १०० रुपये आहे आणि त्यात चीनहून आणलेल्या कच्च्या मालाचा वाटा ६३ रुपये आहे. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाबरोबरच्या, जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या वस्तू करारात किमान ३५ टक्के प्रादेशिक मूल्य (करारातील देशांत पडलेली किमतीची भर) आणि सहा अंकी कोडमध्ये बदल या अटी आहेत. आपल्याकडे ३७ टक्के मूल्य उरते, म्हणून माल पात्र ठरतो. भारत-श्रीलंका करारातही ३५ टक्के मूल्यवर्धन पुरते, मात्र बदल चार अंकी शीर्षकात व्हावा लागतो, आणि तो येथे होतो. साफ्टाच्या सर्वसाधारण नियमात मात्र बाहेरचा माल ६० टक्क्यांच्या वर चालत नाही, त्यामुळे हाच रंग तेथे अपात्र ठरतो. काही वस्तूंना स्वतंत्र नियम असतात, तेही पाहावे लागतात. शिवाय नुसते मिसळणे किंवा पुन्हा पॅकिंग करणे याला कोणताच करार उत्पादन मानत नाही. रंग एक, कारखाना एक आणि करारागणिक निकाल वेगळा: हे गणित कागदावर स्वतः मांडता आले की या क्षेत्रातील बहुतेक कामाची किल्ली हाती येते.

हे नियम इतके कडक कशासाठी, असे वाटत असेल तर श्रीलंकेशी झालेल्या कराराचा इतिहास वाचावा. १९९८ च्या डिसेंबरात सह्या झालेला हा करार मार्च २००० मध्ये लागू झाला आणि काही वर्षांतच तेथून तांबे आणि वनस्पती तूप यांची भारतातील आवक एकदम वाढली. त्यामागे श्रीलंकेची नैसर्गिक संपत्ती नव्हती. भारतात पामतेलावर शुल्क जास्त होते आणि तेथे कमी, म्हणून तेल तेथे उतरवून, त्याचे वनस्पती तूप करून भारतात बिनशुल्क पाठवणे फायद्याचे ठरत होते. पुढे भारताने त्या आयातीला वार्षिक मर्यादा घातली, शुल्कातील फरकही घटला आणि तो उद्योग ओसरला. त्या कारखान्यांत लागलेल्या माणसांचा रोजगार शुल्कातल्या फरकावर उभा होता, याचे मला आजही वाईट वाटते. करार लिहिणाऱ्यांनी हा विचार आधी करायला हवा होता.

आयात विभागात नोकरी मिळाली तरी हेच ज्ञान लागते. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या कॅरोटार या भारतीय कस्टमच्या नियमांनुसार सवलत मागणाऱ्या आयातदाराला मूळ देशाविषयीची माहिती स्वतःजवळ ठेवावी लागते; निव्वळ दाखला दाखवून भागत नाही.

आकडेवारीसाठी जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा 'ट्रेड मॅप' आणि संयुक्त राष्ट्रांचा 'कॉमट्रेड' हे दोन साठे हाताशी ठेवावेत. एका देशाने नोंदवलेली निर्यात आणि दुसऱ्याने नोंदवलेली आयात क्वचितच जुळते, कारण निर्यात सहसा एफओबी भावाने आणि आयात विमा-भाडे धरून सीआयएफ भावाने नोंदली जाते. नेपाळसारख्या भूवेष्टित देशाच्या बाबतीत तर दुसऱ्या देशातून नुसता पुढे जाणारा मालही गोंधळ वाढवतो. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी मांडून फरकाचे कारण शोधणे हा प्रबंधासाठी उत्तम विषय आहे.

बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट) आणि आरसेप (आसियान, चीन, जपान आदी देशांचा व्यापार करार) यांची ओळख असावी, पण नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यांत अडकू नये. बिमस्टेकच्या मुक्त व्यापाराच्या आराखड्यावर २००४ मध्ये सह्या झाल्या, पण प्रत्यक्ष करार अजून वाटाघाटींतच आहे आणि आरसेपच्या वाटाघाटींतून भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर पडला.

बडोद्यात राहणाऱ्याला एक मोठी सोय आहे. रसायने, औषधे, ट्रान्सफॉर्मर असे वेगवेगळ्या प्रकरणांत मोडणारे माल येथे तयार होतात आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचे प्रादेशिक कार्यालयही शहरातच आहे. माझा सल्ला असा की शेवटच्या सत्राच्या सुट्टीत एखाद्या कस्टम एजंटाच्या कार्यालयात काही आठवडे बसावे, विनावेतन बसावे लागले तरी. तेथले बोलणे गुजरातीत आणि कागद इंग्रजीत चालतात. मराठी घरातील बडोदेकर मुलांना दोन्ही येतात. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमला द्यायचा कागद), इन्व्हॉइस आणि मूळ देशाचा दाखला या तिन्हींवरील वर्णन, वजन आणि एच.एस. कोड अक्षरशः जुळतात का, हे तपासण्याचे काम तेथे मागून घ्यावे.