मोठा क्विल्ट शो कसा बघायचा, एका बडोदेकर गोधडीवालीच्या चुकांवरून

आमच्या कारेलीबागेत आम्ही पाचसहा जणी बुधवारी दुपारी गोधड्या शिवायला बसतो. त्यातली एक यंदा लेकीकडे इंग्लंडला, लेस्टरला चाललीय, तिने विचारलं बर्मिंगहॅमचा क्विल्ट शो, म्हणजे गोधड्यांचं प्रदर्शन, बघू का, तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं, कारण मी दोनदा जाऊन आलेय. पहिल्यांदा सगळं चुकवलं, दुसऱ्यांदा जरा अक्कल आली, तीच इथे टाकतेय.

शो म्हणजे द फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स. २००३ पासून भरतो, जुलैअखेर नाहीतर ऑगस्टच्या सुरुवातीला, गुरुवार ते रविवार. जागा एनईसी, म्हणजे बर्मिंगहॅमचं मोठं प्रदर्शन केंद्र, आणि तिथे जायला बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला उतरून बाहेर पडायचं नाही बरं का, गाडी बदलून बर्मिंगहॅम इंटरनॅशनलला जायचं, त्या स्टेशनातून पुलावरून थेट आत. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. वर्कशॉपचं वेगळं बुकिंग असतं आणि चांगली वर्कशॉप्स लवकर भरतात, त्यामुळे हवं असेल तर तिकिटासोबतच बघून टाका. मी मात्र म्हणेन पहिल्या वेळी वर्कशॉप घेऊच नका, तेवढ्या वेळात गोधड्या बघून होतात.

चपला. नवीन घालू नका. नवलखी ग्राउंडवर गरबा खेळून आल्यावर पाय जसे बोलतात ना, तसे इथे दुपारीच बोलायला लागतात, आणि खाली सगळं टणक. जवळचा चष्मा लागत असेल तर तो, पाण्याची बाटली, आणि डब्यात थेपले नाहीतर लीलो चेवडो. मी दोन्ही नेलं होतं आणि बाकड्यावर शेजारी बसलेल्या एका इंग्लिश आजींनी चेवडा मागून खाल्ला.

आता माझी पहिली चूक. दारातून आत गेले आणि समोर कापडांचे स्टॉल दिसल्यावर पाय तिकडेच वळले, मंगळबाजारात जसं होतं तसंच. दोन तास तिथे गेले, हातात जड पिशवी आली, आणि भिंतीवरच्या गोधड्यांपर्यंत पोचले तेव्हा खांदा दुखत होता आणि डोळे थकून गेले होते, काही बघवतच नव्हतं. म्हणून नियम एकच ठेवा, सकाळी रिकाम्या हाताने गोधड्या, दुपारनंतर दुकानं. आणि सगळ्या गोधड्या बघायच्या नाहीत, शक्यच नाही, शेकड्यांनी असतात. नकाशा घेऊन एक चक्कर भराभर मारायची, कुठेही न थांबता, आणि जिथे मान आपोआप मागे वळली ती जागा नकाशावर टिपून ठेवायची. माझ्या अशा नऊ निघाल्या. दुसऱ्या चकरेत फक्त त्या नऊ.

थांबायचं म्हणजे काय करायचं, तर आधी दहाबारा फूट लांब उभं राहा आणि डोळे किलकिले करा. रंग धूसर होतात आणि उजेड-अंधार तेवढा उरतो, म्हणजे कुठलं कापड पुढे येतंय, कुठलं मागे जातंय ते कळतं. हे मला फार उशिरा समजलं. भाचीच्या बाळासाठी मी लाल आणि हिरव्या जुन्या साड्यांचं दुपटं शिवलं होतं, चौकोनाशेजारी चौकोन, मेहनत भरपूर, पण ते नुसतं गढूळ दिसायचं. शोमध्ये एकीने फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघायची युक्ती सांगितली, घरी आल्यावर दुपट्याचा तसा फोटो काढला तर लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी! लाल-हिरवं एकमेकांच्या विरुद्ध असतं म्हणून उठून दिसेल असं मी धरून चालले होते, पण दोन्ही कापडं सारखीच गडद होती. मधे एक फिकट पिवळी पट्टी घातली असती तरी जमलं असतं.

मग जवळ जा, पण हात लावायचा नाही. हाताचा तेलकटपणा कापडाला लागतो. मागची बाजू बघायची असेल तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका असतात, त्यांना विचारलं की कोपरा उलटून दाखवतात. हे जरूर विचारा, लाजू नका. पुढून सगळ्याच झकास दिसतात, पण टाके कुठे सुरू झाले, दोरा कसा लपवला, कोपऱ्यावर काठाची पट्टी कशी वळवली, हे सगळं मागूनच कळतं. आपल्याकडे नाही का, भरतकाम बघायला दिलं की म्हातारी बाई आधी उलटं करून बघते.

फोटोचं सांगते. आधी शेजारच्या पाटीचा फोटो, मग पूर्ण गोधडीचा, मग जे आवडलं त्या तुकड्याचा. हा क्रम मोडला की घरी चारशे फोटो आणि कोणाचं काय ते ठाऊक नाही, माझं तेच झालं. फोटो काढायला मनाई असेल तर पाटीवर लिहिलेलं असतं, ते पाळा, आणि काढलेला फोटो कुठे टाकलात तर करणारीचं नाव टाका. आणि जशीच्या तशी डिझाईन उचलायची नाही. वहीत चित्र काढू नका, वाक्य लिहा. माझ्या वहीत आहे, ‘चार पट्ट्या सरळ, पाचवी मुद्दाम तिरकी.’ एवढ्यावरून आपल्या साड्यांचं काहीतरी वेगळंच होतं.

तिरक्यावरून आठवलं. अमेरिकेत अलाबामात जीज बेंड म्हणून गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, मापाबिपाच्या भानगडीत न पडता. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या पोस्टाच्या तिकिटांवर आल्या. आमच्या आजीनेही कधी मोजपट्टी धरली नाही, डोळ्याच्या अंदाजाने नऊवारीचे तुकडे लावायची आणि धावदोरा घालत जायची, फक्त तिची गोधडी कोणी भिंतीवर लावली नाही, आम्ही ती फाटेपर्यंत पांघरली.

म्हणून जाण्याआधी डोळ्याला सवय इथेच करा. भरूच आपल्यापासून गाडीने जेमतेम तासावर, तिथली सुजनी नावाची रजई बघा, ती शिवत नाहीत, मागावर विणतानाच दोन पदरांमधल्या चौकोनांत कापूस भरत जातात. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम आहे, कापडांचं, आगाऊ बुकिंग लागतं. आणि उत्तर कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कुठे दिसली तर सोडू नका, ती कडेकडून आत शिवत येतात आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात. हे बघून गेलं की तिथे नुसतं ‘आहाहा’ होत नाही, तुलना सुरू होते.

खरेदी थोडक्यात. फॅट क्वार्टर म्हणजे साधारण १८ बाय २२ इंचाचा तुकडा, पाउंडाचे रुपये करून बघा, आपोआप हात मागे येईल. आपल्याकडचं ब्लॉक प्रिंटच तिथून चढ्या भावात घेऊन यायचं म्हणजे कमाल आहे. सुया, साचे, मार्किंगची पेनं घ्या. रोटरी कटर, म्हणजे कापड कापायचं गोल फिरतं पातं, घेतलात तर तो चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत ठेवलात तर विमानतळावर सोडून यावा लागेल.

परत आल्यावर मोठं काही हाती घेऊ नका. आठवडाभरात एक १२ इंचाचा चौकोन, वहीतल्या एकाच वाक्यावरून, घरातल्याच कापडाचा. वाट बघितली की जेट लॅग, मग पाहुणे, मग श्रावण, आणि वही कपाटात. माझी तिरकी पट्टी सासूबाईंच्या जांभळ्या इंदुरी साडीची आहे, चौकोन जरा वाकडाच झालाय, पण बुधवारी तोच मधे ठेवून आम्ही वाद घालतो. लेस्टरवाल्या मैत्रिणीला बजावून सांगितलंय, मला कापड नको, मागच्या बाजूचे फोटो आण.