मूळ ‘स्टार ट्रेक’ पाहायची कशी? एका बैठकीला एकच भाग

१९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर लागलेली, ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाच्या सफरींची ही मालिका ७९ भागांची. ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवरही लागायची, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ती तुकड्यातुकड्यांत पाहिलेली असते. कान टोकदार असलेला स्पॉक आठवतो, गोष्ट आठवत नाही. पहिल्यापासून नीट पाहायची असेल, तर माझी पद्धत सांगतो.

आधी क्रम ठरवा. यादीत पहिला दिसतो ‘द मॅन ट्रॅप’, कारण ८ सप्टेंबर १९६६ रोजी तोच आधी दाखवला गेला. भाग ज्या क्रमाने चित्रित झाले, त्या क्रमाने दाखवले गेले नाहीत. प्रसारणाचा क्रम धरलात तर तिसऱ्या भागात अचानक गणवेश बदललेले, डॉक्टरही भलताच, आणि एका थडग्यावर कॅप्टनचं नाव जेम्स आर. कर्क! (पुढे तो कायमचा जेम्स टी. झाला.) हा तिसरा भाग, ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’, खरं तर वाहिनीला दाखवायला आधीच केलेला नमुना भाग होता. म्हणून तो सगळ्यात आधी पाहा, मग दहावा ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’, आणि त्यानंतर यादीप्रमाणे चाला. स्टारडेटच्या, म्हणजे मालिकेतल्या काल्पनिक तारखांच्या, आकड्यांवरून क्रम लावायच्या फंदात पडू नका, ते आकडे मागेपुढे उड्या मारतात.

मग आवृत्ती. २००६ पासून यानाची जुनी दृश्यं काढून त्याजागी संगणकावर केलेली नवी घातली गेली. काही डिस्कवर दोन्ही मिळतात. मिळत असेल तर जुनीच घ्या. पुठ्ठ्याच्या खडकांशेजारी ते चकचकीत यान उपऱ्यासारखं वाटतं.

आता मुख्य गोष्ट: एका बैठकीला एकच भाग. सुमारे ५० मिनिटांचा. ही मालिका आठवड्याला एक या हिशेबाने लिहिलेली आहे आणि जवळपास प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. सलग चार पाहिले की कर्कचा शर्ट कितव्यांदा फाटला एवढंच मोजत बसाल. शिवाय प्रत्येक भाग जाहिरातींसाठी तोडलेला आहे. संगीत एकदम चढतं, कर्कच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, पडदा काळा होतो. तिथे पॉज करा आणि सोबत्याला विचारा, आता पुढे काय? मी भाच्याबरोबर पाहतो, आणि निम्मी मजा याच्यातच आहे.

सबटायटल्स लावा. आणि एक वही ठेवा. भागाचं नाव आणि एक ओळ पुरे. ‘द एनिमी विदिन’ या भागाशी माझ्या वहीत भाच्याचा प्रश्न लिहिलेला आहे. त्यात ट्रान्सपोर्टर (माणसांना यानातून थेट ग्रहावर पोचवणारं यंत्र) बिघडतो आणि यानाचा चालक सुलू व त्याचे साथीदार ग्रहावर थंडीने गोठायला लागतात, दगड तापवून कसेबसे तग धरतात. भाचा म्हणाला, “मामा, खाली छोटं यान का नाही पाठवत?” कारण लेखकांकडे ते छोटं यान अजून नव्हतंच! ते पुढे ‘द गॅलिलिओ सेव्हन’साठी बनवलं गेलं. मुळात ट्रान्सपोर्टरची कल्पनाच काटकसरीतून निघाली. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं, मग माणसांना झगमगवून थेट खाली पोचवलं. असे जुगाड शोधत गेलात की स्वस्त सेटचं हसू येईनासं होतं. डॉक्टर मॅकॉयची काही उपकरणं निरखून पाहा: ‘द मॅन ट्रॅप’साठी आणलेल्या मीठदाण्या आहेत त्या. कुणाला त्या मीठदाण्या वाटणार नाहीत, म्हणून डॉक्टरच्या उपकरणांत गेल्या.

पहिल्या सीझनमधला एकही भाग गाळू नका. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ म्हणजे अंतराळातली पाणबुडीची लढाई. ‘स्पेस सीड’मधला खान नूनियन सिंग उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा तर्क यानावरची इतिहासकार करते, भूमिका मात्र मेक्सिकन नट रिकार्डो मोंटलबानने केली, आणि काय रुबाबात केली! ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ पाहाल त्या रात्री दुसरं काही लावू नका.

दुसऱ्या सीझनची सुरुवात ‘अमोक टाइम’ने होते. स्पॉकचा बोटं फाकवून केलेला सलाम पहिल्यांदा इथे दिसतो. लेनर्ड निमॉयने तो लहानपणी सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या ज्यू आशीर्वादाच्या मुद्रेवरून घेतला होता.

तिसऱ्या सीझनला पैसे कमी मिळाले आणि वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. ते जाणवतं. पहिलाच ‘स्पॉक्स ब्रेन’ पाहून कपाळावर हात मारून घ्याल. कंटाळा आला तर खुशाल भाग वगळा, फक्त ‘द एंटरप्राइज इन्सिडेंट’, ‘द थोलियन वेब’ आणि ‘ऑल अवर यस्टरडेज’ सोडू नका.

७९ संपले की शेवटी ‘द केज’ लावा. वाहिनीने नाकारलेला हा पहिला नमुना भाग, त्यात कर्क नाहीच. त्यातली बरीच दृश्यं पहिल्या सीझनमधल्या ‘द मिनॅजरी’त वापरलेली आहेत, तरी अख्खा पाहण्यात वेगळी गंमत आहे. निळ्या पानांतून गुणगुण ऐकू येते, स्पॉक पान हातात धरतो, आवाज थांबतो, आणि एरवी चेहऱ्यावर भावना दिसू न देणारा हा पठ्ठ्या चक्क दात काढून हसतो. भाच्याने तिथे स्वतःहून पॉज केलं. म्हणाला, “मामा, हा कोण?”